आमच्यामागे त्याचे कसे?

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. यजमान निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहेत, वय 73, माझे 67. एकतीस वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. तो कोपऱ्यावरून दूध आणतो, गिरणीत दळण ठेवून येतो; मात्र पैशांचा हिशेब त्याला जमत नाही. 2019 च्या महापुरात आम्ही तिघे आठ दिवस मिरजेला बहिणीकडे राहिलो, तेव्हा तो फार बिथरला होता. आमच्यामागे त्याला पुतण्याच्या स्वाधीन करावे की आतापासूनच एखाद्या निवासी संस्थेत ठेवावे?

उत्तर : आपण एकाच माणसावर दोन कामे सोपवू पाहत आहात, असे मला वाटते. कायदेशीर पालक होणे आणि मुलाला आपल्या घरी ठेवून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार अठरा वर्षांवरील बौद्धिक अक्षम व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करता येतो, आणि नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पुतण्याने ही जबाबदारी घेतली, म्हणून मुलाने त्याच्याच घरी राहिले पाहिजे असे नाही, आणि हे त्याच्या पत्नीसमोर आजच स्पष्ट बोललेले बरे. आपल्या दोघांच्या पश्चात मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे यासाठी त्याची नोंद करून घ्यावी; ही कागदपत्रे यजमानांच्या हयातीत जितकी सहज होतात, तितकी नंतर होत नाहीत.

राहिला निवासाचा प्रश्न. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ (आता ‘समर्थ-सह-घरौंदा’) योजनेत प्रौढांसाठी समूहनिवासाची कल्पना आहे. कोणतीही संस्था पाहायला गेलात तर इमारतीपेक्षा तिथल्या माणसांकडे पाहावे : त्यांचे कपडे ज्याचे त्याचे आहेत का, कोणी स्वतः दुकानात जाते का, आणि दुपारी चार वाजता सगळे नुसते बसून तर नसतात ना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. गावाबाहेरच्या कुंपणाआड नुसती सुरक्षितता मिळाली, तर त्या हक्काचे फारसे काही उरत नाही. आपला मुलगा दूधवाल्याला आणि गिरणीवाल्याला ओळखतो, तेही त्याला ओळखतात. ही ओळख मोडून त्याला दूर पाठवण्याची मला घाई दिसत नाही. राहत्या घरीच मदतनीस ठेवून पुतण्याने देखरेख करावी, हा तिसरा मार्गही आहेच.

एक गोष्ट मात्र खटकली. मुलाला काय हवे आहे, याचा आपल्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. त्याला ‘कुठे राहशील?’ असे विचारून उपयोग नाही. जागा दाखवून, तिथे जेवू घालून, परतल्यावर तो काय बोलतो ते ऐकावे लागेल. पुरात तो बिथरला, कारण घर आणि दिनक्रम दोन्ही एका दिवसात सुटले. आपल्या पश्चात नेमके तसेच होऊ नये म्हणून सराव आपल्या डोळ्यांदेखत सुरू व्हायला हवा. पहिला मुक्काम मिरजेच्या मावशीकडे, एकाच रात्रीचा आणि आपल्याविना असावा. बरोबर त्याची नेहमीची चादर द्यावी आणि सकाळी दूध आणायला त्यालाच पाठवावे, असे मावशींना सांगून ठेवावे.