पोटगीचा अर्ज लांबवू नका : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : नवऱ्याने मारहाण करून घराबाहेर काढलं. दीड वर्षापासून बार्शीला माहेरी आहे, तो पुण्यात. घटस्फोट न मागता पोटगी मिळेल का? पुण्याला खेटे घालावे लागतील का?

घटस्फोटाची गरज नाही आणि पुण्याला जायचीही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. पत्नी जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो. कुटुंब न्यायालय नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो द्यायचा. सोबत अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज जोडा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलं. त्यामुळे गेलेलं दीड वर्ष या अर्जात हाती लागणार नाही. समेटाची बोलणी खुशाल चालू ठेवा, पण अर्ज दाखल करून मग.

तो ‘मी नांदवायला तयार आहे’ असं म्हणेल. सबळ कारण नसताना नांदायला नकार दिला असं ठरलं, तर पोटगी नाकारली जाते. म्हणून दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार, मोबाइलवरचे संदेश जपा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : नवऱ्याची बागायती शेती आणि खतांचं दुकान आहे. कोर्टात मात्र ‘उत्पन्नच नाही’ म्हणतो.

बहुतेक प्रकरणं इथेच अडतात. दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने ते दिलं नाही तर लेखी हरकत घ्या. दिलं तर खोडून काढायला कागद हवेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढा. आठ-अवर त्या गावातली त्याच्या खात्याची सगळी जमीन दिसते. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर जुने फेरफारही काढा, वडिलोपार्जित असल्याचं त्यातून कळू शकतं. ऊसबिलं, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, दुकानाची जीएसटी विवरणं, बँकेचे उतारे तुम्हाला मिळणार नाहीत. ते हजर करण्याचा आदेश कोर्टाकडे मागा.

गाडीच्या किंवा हौसेच्या कर्जाचे हप्ते दाखवून उत्पन्न कमी करता येत नाही. प्राप्तिकर, व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती वजा धरल्या जातात. पगाराच्या २५ टक्के मिळतात असं सर्रास सांगितलं जातं, पण तो पक्का नियम नाही. भाडं, किराणा, औषधं, शाळेची फी यांच्या पावत्या लावा आणि पटेल तेवढाच आकडा मागा. फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही.

प्रश्न : मी खासगी शाळेत ९,००० रुपयांवर शिकवते. हक्क जातो का?

नाही. तेवढ्यात सासरच्या राहणीमानाप्रमाणे भागतं का, हे पाहिलं जातं. पगार लपवू मात्र नका. बँकेचा उतारा निघाला की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

प्रश्न : दरमहा ८,००० रुपयांचा आदेश आहे. १४ महिने एक पैसा आला नाही.

आजच वसुलीचा अर्ज द्या. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षात अर्ज केला तरच वॉरंट निघतं. म्हणजे आज १२ महिन्यांचे ९६,००० रुपये या मार्गाने मागता येतील. आधीच्या दोन महिन्यांचे १६,००० बुडाले असं नाही, पण ते दिवाणी मार्गाने वसूल करायचे, आणि तो मार्ग लांबचा.

थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. ‘मिळून आला नाही’ असा शेरा मारून वॉरंट परत येतं, कारण अर्जात पत्ता अपुरा असतो. नोकरीचं ठिकाण, बँक खातं, गाडीचा नंबर, जमिनीचा गट क्रमांक अर्जातच लिहा. तो पगारदार असेल तर पगारातून कपातीचा आदेश मागा. यापुढे तीन महिने थकले की नवा अर्ज द्या, वर्ष भरू देऊ नका.