दही, जिवाणू आणि कर्करोग

प्रश्न : आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग असून केमोथेरपी सुरू आहे. प्रोबायोटिक जिवाणूंतील पदार्थ कर्करोगपेशी मारतात, असे वाचले. तिला रोज घरी विरजलेले दही द्यावे का?

उत्तर : आपण वाचलेले निराधार नाही. जपानमधील संशोधकांनी २०१६ मध्ये लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूपासून फेरिक्रोम हा लोह बांधून ठेवणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याने आतड्याच्या कर्करोगपेशी मरतात, निरोगी पेशींना मात्र फारशी इजा होत नाही, असे दाखवले. परंतु हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर झालेले आहेत. वाटीभर दह्यातून तो औषधाइतक्या मात्रेत मिळेल, असे मानणे चुकीचे ठरेल. शिवाय केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना हेच जिवंत जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग घडवतात, म्हणून रक्ताचा ताजा अहवाल दाखवून आईच्या कर्करोगतज्ज्ञांना आधी अवश्य विचारा.