खिन्न मनाने प्रार्थनेला बसताना
नकारात्मक विचार मनात येतात म्हणजे आपला विश्वास कमी पडतो, ही समजूत तुम्ही आधी सोडून द्यावी. बायबलमधील स्तोत्र 42 मध्ये भक्त स्वतःच्याच जिवाला तो खिन्न का झाला आहे असे विचारतो आणि ते विचारणे हीच त्याची प्रार्थना ठरते. ‘मी निरुपयोगी आहे’ असा विचार आला की त्याच्याशी वाद न घालता, तो आला आहे एवढीच नोंद घ्यावी, दोन-तीन श्वास सावकाश घ्यावेत आणि मग तो जसाच्या तसा, शब्द न सजवता, प्रभूपुढे मांडावा. सुरुवातीची काही वर्षे मी विचार दाबून टाकण्यासाठीच प्रार्थना करीत असे, आणि ते दुप्पट जोराने परतत. बायबलमधल्याच, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या मागण्या आभारासह देवाला कळवण्यास सांगतो. म्हणून झोपण्यापूर्वी दिवसातली एखादी लहानशी, पण खरी कृपा आठवावी. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश न करता आधी जेवायला उठवले, हे मला फार बोलके वाटते. आठवडे उलटूनही खिन्नता हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर चर्चच्या पाळकांबरोबरच डॉक्टरांनाही लगेच आणि विनासंकोच भेटावे.