आधी ठरव, काम कुठे करायचंय

डॉक्टरकी शिकायला परदेशात कुठे जायचं, त्या देशांची यादी करण्याआधी ठरव, डॉक्टर होऊन तुला काम कुठे करायचंय? पदवी एका देशाची आणि परवाना दुसऱ्याचा, यातच अनेकांची वर्षं जातात. अमेरिकेत सहसा आधी ४ वर्षांची पदवी, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग ४ वर्षं एमडी आणि त्यावर ३ ते ७ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. ब्रिटनमध्ये शाळा संपताच ५-६ वर्षांचा कोर्स, पुढे २ वर्षं फाउंडेशन, म्हणजे नव्या डॉक्टरांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण. जर्मनीत ६ वर्षं. पण भाषेला हलकं घेऊ नकोस, खरंच. रुग्ण आपलं दुखणं जर्मनमध्येच सांगणार. शिवाय नावांनी फसू नकोस: अमेरिकेत एमडी ही पहिली वैद्यकीय पदवी, भारतात मात्र ती एमबीबीएसनंतर मिळते.