सेशेल्सला आठवडाभर जातोय. माहेलाच हॉटेल घेऊन बाकीची बेटं एका दिवसात बघावीत की मुक्काम हलवावा?

मुक्काम हलवा. बॅगा उचलायचा कंटाळा म्हणून सगळ्या रात्री माहेला काढायच्या आणि प्रास्लिन, ला दीग एका दिवसात उरकायचं, हा बेत ट्रॅव्हल एजंटच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही. माहेहून प्रास्लिनला बोटीने तासभर, तिथून ला दीगला आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे ऐन उन्हात पोचणार, गर्दीत फिरणार आणि ऊन उतरायला लागलं की परतीच्या बोटीसाठी पळणार.

ला दीगला किमान दोन रात्री ठेवाच. बेट इतकं छोटं की गाड्या मोजक्याच, सगळे सायकलवर. धक्क्याजवळच भाड्याने सायकली मिळतात. ब्रेक तपासून घ्या, चढउतार आहेत. फोटोत दिसते ती गुलाबी-करड्या शिळांची चौपाटी म्हणजे आन्स सूर्स दार्जां. जुन्या नारळाच्या मळ्यातून तिकीट काढून जावं लागतं. जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीला वाळूची पट्टी पार आक्रसते आणि चपला हातात घेऊन पाण्यातून खडकांच्या कडेने जावं लागतं. प्रवाळाच्या बांधामुळे पाणी उथळ आणि शांत, मुलांना डुंबायला छान. बेटाच्या दुसऱ्या अंगाची ग्रांद आन्स दिसायला त्याहून देखणी, पण तिथे असा बांध नाही आणि पाण्याला जबरदस्त ओढ आहे. मे ते सप्टेंबर तर नुसतं काठावर बसा.

प्रास्लिनला जायचं ते व्हाले द मे या नारळाच्या जंगलासाठी. जुन्या फकिरांच्या हातातला काळा, होडीच्या आकाराचा कटोरा बघितलाय? तो दर्याचा नारळ इथला. झाड निसर्गतः फक्त प्रास्लिन आणि शेजारच्या क्युरिअजवर उगवतं. पोकळ झालेली फळं वाहत मालदीवला, आपल्या किनाऱ्यांना लागायची आणि झाड कुणी पाहिलेलं नसल्याने लोक म्हणायचे, हे समुद्राच्या तळाशी उगवतं. 1768 मध्ये फ्रेंचांना प्रास्लिनवर झाड सापडलं, तरी शास्त्रीय नावात मालदीव राहिलंच. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात आणि त्यातली बी जगात सगळ्यात मोठी. वारा सुटला की वरची अवाढव्य पानं पत्र्याच्या छपरासारखी खडखडतात. तिकीट महाग आहे, पण कुरकुर न करता काढा आणि गाईड घ्या. नारळ विकत घेतलात तर सरकारी परवाना मागून घ्या, नाहीतर विमानतळावर अडकाल.

अल्डाब्रा बेटावरची लाखभर कासवं डोक्यात असतील तर विसरा. ते माहेपासून हजार किलोमीटरहून लांब. त्याच जातीची महाकाय कासवं क्युरिअजवर मोकळी फिरतात, प्रास्लिनहून अर्ध्या दिवसात होतं. देशात 115 बेटं आहेत म्हणतात, पण पहिल्या खेपेला ही चार पुरेत.

माहे शेवटी ठेवा. वारा वाढला की बोटीचं काही खरं नसतं, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र तिथेच हवी. राजधानी व्हिक्टोरियाचा बाजार आणि त्याच्या जवळचं गोपुरवालं विनायगर मंदिर पायी होतं. बस स्वस्त आहे, पण मोठ्या बॅगा घेत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तरी डोंगरातले रस्ते अरुंद आहेत. घाटात हात बसला असेल तरच गाडी घ्या.

समुद्र शांत हवा तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा असतो, तेव्हा बोटीत चढण्याआधी उलटीची गोळी घ्याच. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाऊस बघा, कारण बाहेर मासळीचंच राज्य. नीरफणसाचे काप मात्र सोडू नका. व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी प्रवास परवानगीचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्यात राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा तिन्ही बेटांची बुकिंगं आधीच हाताशी ठेवा.