फरकाचे पैसे आणि कार्डाचं कर्ज

"मॅडम, थोडे पैसे आलेत हातात. कर्ज फेडू, की कुठे गुंतवू?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. कुणाला दिवाळीचा बोनस मिळालेला असतो, कुणाची एलआयसीची पॉलिसी पिकलेली असते, कुणाच्या वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला भावंडांत वाटला गेलेला असतो. नाशिकमध्ये, अंबड-सातपूरच्या कारखान्यांवर चालणाऱ्या घरांत यात आणखी एका रकमेची भर पडते, ती म्हणजे कराराचा फरक. पगारवाढीचा जुना करार संपतो, नव्याची बोलणी महिनोन् महिने रखडतात, आणि सही झाली की मागच्या तारखेपासूनची वाढ एकरकमी खात्यात येते.

प्रश्न निव्वळ हिशेबाचा असता तर लोक तो घेऊन समुपदेशकाकडे आले नसते. हिशेब त्यांना येतोच. अडतं ते दुसरीकडे, आणि कुठे अडतं हे मला एका जोडप्याबरोबर काम करताना फार स्पष्ट दिसलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीतले, मशीन शॉपमध्ये ऑपरेटर. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते म्हणून आले होते. बोलता बोलता कळलं की करार झाला आहे आणि कर कापून २ लाख ३५ हजार फरक खात्यात पडून आहे. कर्जही होतं. क्रेडिट कार्डाचे १ लाख १५ हजार, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने ६० हजार, आणि अकरा हप्ते उरलेलं एक वैयक्तिक कर्ज. शिवाय गृहकर्ज.

कार्डावर ते दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होते. मी कागद पुढे केला. "व्याज किती लागतं?"

"साडेतीन टक्के."

"वर्षाला?"

"महिन्याला." मग स्वतःच म्हणाले, "वरून जीएसटी. पावणेपाच हजार जातात मॅडम, माहितीये मला."

"आणि हेच पैसे ठेवीत टाकले तर?"

"सात टक्के. वर्षाचे आठ हजार."

म्हणजे ठेवीचं वर्षाचं व्याज कार्ड दोन महिन्यांत गिळत होतं, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. तरी महिनाभर पैसे तसेच होते. मित्रांनी बाइक घेतल्या होत्या. बायकोला सोनं हवं होतं. भाऊ म्हणत होता, प्लॉटमध्ये टाक.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. माणूस कळत असूनही वागत नसेल, तर आत कुठलं तरी वाक्य घट्ट बसलेलं असतं आणि ते उच्चारल्याशिवाय सैल होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना सल्ला दिला नाही. एवढंच म्हटलं, "समजा, आज इथून जाऊन कार्डाचे आणि मेहुण्यांचे सगळे पैसे भरून टाकलेत. संध्याकाळी घरी गेल्यावर मनात काय येईल?"

बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग जवळजवळ रागानं म्हणाले, "येईल की, वीस महिने गेटवर घोषणा दिल्या, ओव्हरटाइम बंद झाला, तो सोसला. आणि सगळं फेडलं तर मग मला मिळालं काय?"

हे ते वाक्य.

याला हावरेपणा म्हणणं सोपं आहे आणि साफ चुकीचं आहे. अचानक आलेल्या पैशाला आपण मनात वेगळ्या खात्यावर घालतो. पगार घरखर्चाचा, बोनस हौसेचा, फरक म्हणजे सोसल्याचं बक्षीस. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने माणसांच्या या मनातल्या खातेवहीचा फार बारकाईनं अभ्यास केला, त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रुपया तोच असतो, पण बक्षिसाच्या खात्यातला रुपया कर्जाला द्यायला मन तयार होत नाही, कारण कर्ज फेडल्यावर दाखवायला हातात काही राहत नाही.

पुढच्या भेटीसाठी मी एकच काम दिलं. कार्डाची जुनी स्टेटमेंट काढा आणि त्या १ लाख १५ हजारांत काय काय घेतलं ते लिहा. आणि येताना पत्नीला घेऊन या. दुसऱ्या गोष्टीला ते बिचकले. कार्डावर एवढं आहे हे घरात माहीत नव्हतं.

आले दोघं. यादी त्यांनी मोठ्यानं वाचली. भाचीच्या लग्नातला आहेर. फ्रिज. मुलीच्या क्लासची फी. अष्टविनायकाची गाडी. दोन दिवाळ्यांचे कपडे. फ्रिजपाशी वहिनींनी अडवलं.

"अहो, फ्रिज कार्डावर घेतला होता? मी सगळ्यांना रोख घेतला म्हणून सांगितलं."

"करार होणारच होता. म्हटलं, फरक आला की भरून टाकू."

मी विचारलं, "प्रत्येक वेळी हेच म्हणत होतात?"

"हो. सगळेच म्हणायचे शॉपमध्ये. फरक आला की बघू."

मग मी त्यांना जे सांगितलं, ते त्यानंतर किती तरी जणांच्या उपयोगी पडलं आहे. "फरक तुम्हाला मिळून गेलाय. वीस महिने थोडा थोडा मिळत होता. भाचीच्या लग्नात तुमची मान वर राहिली ती फरकामुळे. मुलगी क्लासला गेली ती फरकामुळे. आता खात्यात आलेत ते त्याचे पैसे. मला मिळालं काय, याचं उत्तर तुमच्याच अक्षरात तुमच्या हातात आहे."

त्यांनी यादी पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. वहिनी हळूच म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर मी सोन्याचा विषयच काढला नसता." मला त्या वाक्याचं मोल फार वाटलं. कर्ज लपलेलं असलं की घरातली इतर माणसं त्या पैशावर आपापली स्वप्नं मांडत राहतात, आणि फेडायचं म्हटलं तर आधी कबुली द्यावी लागते. कितीतरी लोक व्याज भरतात ते ही कबुली लांबवण्यासाठी.

पुढचं सोपं होतं. कार्ड पूर्ण फेडलं, किमान रकमेच्या खेळातून बाहेर. मेहुण्याचे ६० हजार परत केले. पैशांचा सल्लागार कदाचित म्हणेल, बिनव्याजी कर्ज शेवटी फेडा. मी तसं म्हणत नाही. दर राखीपौर्णिमेला नजर चुकवावी लागत असेल तर ते कर्ज बिनव्याजी नसतं.

वैयक्तिक कर्ज मात्र चालू ठेवलं. अकराच हप्ते उरले होते, शेवटच्या हप्त्यांत व्याज थोडं असतं, आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड धरता फारसं वाचत नव्हतं. तुमचे हप्ते बरेच उरले असतील तर गणित वेगळं निघेल, बँकेत विचारून करा. गृहकर्जाचा व्याजदर कमी, त्याची घाई नको. व्यक्तीच्या नावावरच्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे, तेव्हा तिथे जमेल तेव्हा थोडं थोडं भरता येतं.

उरलेल्या ६० हजारांतले ४५ हजार बाजूला ठेवायला लावले. हे मी प्रत्येकाला सांगते. सगळंच्या सगळं कर्जात घालून मोकळे झालात, तर पुढच्या महिन्यात कुणी आजारी पडलं की तेच कार्ड पुन्हा बाहेर निघतं. राहिलेले १५ हजार काय करायचे हे वहिनींनी ठरवायचं होतं. त्यांनी पिको-फॉलचं मशीन घेतलं. कर्जफेडीत मनासाठी थोडा वाटा ठेवावाच, नाहीतर सहा महिन्यांत मन तो दामदुपटीनं वसूल करतं.

कुणाची कार्डाची थकबाकी फार तुंबली असेल आणि वसुलीवाले "निम्म्यात मिटवू" म्हणत असतील, तर हातात पैसे असताना त्या मोहात पडू नका. सिबिलच्या, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते खातं बंद न दिसता तडजोडीनं मिटवलेलं दिसतं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं. पूर्ण भरा आणि बाकी नसल्याचं पत्र लेखी घ्या. कार्ड ठेवायचंच असेल तर मर्यादा कमी करून घ्या. या गृहस्थांनी ती २५ हजारांवर आणली, आणि जे पावणेपाच हजार व्याजात जात होते त्यातले चार हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीला लावले.

त्यांचा नवा करारही कधीतरी संपेल, बोलणी पुन्हा रखडतील. त्याबद्दल दोघांनी माझ्यासमोरच ठरवलं आहे की सही होऊन रक्कम खात्यात दिसेपर्यंत "फरक आला की बघू" म्हणून काही घ्यायचं नाही. आणि मोठा खर्च काढायचाच झाला तर आधी आरडीचं पासबुक दोघांनी मिळून उघडायचं.