साबुदाणा दिसतो, मग चष्मा कशाला?

"मॅडम, तिला सगळं दिसतं हो. फरशीवर सांडलेला साबुदाणा एकेक करून वेचते. आभाळातलं विमान आमच्या आधी तिला दिसतं. आणि डॉक्टर म्हणतात, डावा डोळा ती वापरतच नाही!"

चार वर्षांच्या ईश्वरीची (नाव बदललं आहे) आई हे सांगत होती आणि ईश्वरी माझ्या टेबलावरच्या स्टेपलरच्या पिना वेचून डबीत भरत होती, जणू आईच्या बाजूने साक्ष द्यायलाच आली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हे वाक्य मी कितीदा ऐकलंय याची मोजदाद नाही. आईचं त्यात काही खोटं नसतं. मुलांना खरंच सगळं दिसत असतं, पण एका डोळ्याने. दुसरा कमजोर राहिलेला असतो, त्याला लोक 'आळशी डोळा' म्हणतात.

ईश्वरीचं लक्षात आलं ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. (त्या दिवशी "उगाच सुई टोचतील" म्हणून पोराला घरी ठेवणारे आईबाप आहेत, ते सोडा.) पथकातल्या बाईंनी तिचा डावा डोळा झाकला तेव्हा ती निवांत होती. उजवा झाकल्याबरोबर तिने हात झटकला आणि भोकाड पसरलं. खूण काय ती एवढीच. डोळा तिरळा नाही, लाल नाही, पाणी येत नाही, डोकं दुखल्याची तक्रार नाही.

आमच्याकडे तीन दिवस मलम घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासणी झाली. उजव्या डोळ्याला प्लस सव्वा, डाव्याला प्लस पाच. "अक्षरं येत नाहीत तर नंबर कसा काढला?" असं बाबांनी विचारलं. या तपासणीत मुलाला काही सांगावं लागत नाही. डोळ्यात उजेडाची तिरीप टाकून, पुढे भिंगं धरून डॉक्टर नंबर काढतात. नजर किती ते बघायला चित्रांचा तक्ता असतो: सफरचंद, घर, चौकोन, गोल. लिआ ह्युव्हारिनेन नावाच्या फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी तो तयार केला. समोर घर दिसलं की मुलाने मांडीवरच्या कार्डातल्या घरावर बोट ठेवायचं. ईश्वरीने उजव्या डोळ्याने शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत बोटं ठेवली. डाव्या डोळ्याने वरची दोनतीन चित्रं, मग "मला सू लागली."

आईला खरं विचारायचं होतं ते तिने नवरा बाहेर गेल्यावर विचारलं. "धाकट्याच्या वेळी मी हिला जेवताना मोबाईल द्यायचे. त्यानं झालं ना हे?"

नाही. हे मी तिला तीनदा सांगितलं, कारण पहिल्या दोनदा तिने ऐकलं नाही. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २४च्या आसपास. पहिल्या दोन वर्षांत ती झपाट्याने वाढते, मग सावकाश. लहान डोळा आखूड असतो, म्हणून बहुतेक लहान मुलांना थोडा प्लस नंबर असतोच आणि डोळा वाढेल तसा तो उतरतो. ईश्वरीचा डावा डोळा या शर्यतीत मागे राहिला. किती मागे? एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन नंबर, तेव्हा हिच्या दोन डोळ्यांत फार तर दीड मिलिमीटरचा फरक. ती वेचते त्या साबुदाण्याच्या दाण्याएवढाही नाही. मोबाईलने डोळा आखूड होत नाही. मोबाईल, घरात कोंडून राहणं आणि ऊन न मिळणं यांचा संबंध आहे तो उलट्या बाजूला, मायनस नंबराशी. तिथे डोळा गरजेपेक्षा लांब होतो. म्हणून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर उजेडात काढावीत असा आग्रह धरला. मोबाईल कमी करा, जरूर करा, पण या चष्म्याचं पाप डोक्यावर घेऊ नका.

मग मी नेहमीची चूक केली. धूसर दिसणाऱ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष का करतो, ते चित्र काढून समजावलं. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडला तरी मेंदू त्या डोळ्याचं ऐकेना. मोठ्या मांजरांवर तसा परिणाम झाला नाही. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. आई मान डोलावत होती. मला वाटलं, छान समजलं.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा चष्मा नवा कोरा होता. काचेवर बोटांचे ठसे नाहीत, नाकावर वळ नाही. चार वर्षांच्या पोरीने रोज घातलेला चष्मा असा दिसत नाही. नजरही जिथल्या तिथे, ६/३६ (म्हणजे चांगल्या नजरेला छत्तीस मीटरवरून दिसतं ते हिला सहा मीटरवरून). थोडं थांबल्यावर आई म्हणाली, "सासूबाई काढून ठेवतात. शाळेत घालते, घरी आली की काढतात."

पुढच्या वेळी आजींना घेऊन या म्हटलं. आजी आल्या त्या तयारीनेच. "पोरीची जात. आतापासनं चष्मा लावला की नंबर वाढतच जाणार. मी गाजराचा रस देत्ये रोज. आणि डॉक्टरच म्हणतात डोळा आळशी हाय. आळशाला काम लावायचं की काठी द्यायची?"

हा 'आळशी डोळा' शब्द कुणी काढला देव जाणे. त्यातून कुठल्यातरी घरात पोरगी "आळशी" म्हणून बोलणी खाते. मी तो वापरायचं सोडलंय. गाजराबद्दल भांडले नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून रस चांगलाच. फक्त त्याने आखूड डोळा लांब होत नाही, आणि चष्म्याने नंबर वाढतही नाही, एवढं सांगितलं. आजींना ते पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांच्या केसपेपरवर नजर गेली, त्या आमच्याच पेशंट होत्या. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डावा बाकी. मी म्हटलं, "आजी, ऑपरेशनचा डोळा झाका बरं. काय दिसतंय?"

"धुकं पडल्यागत."

"आणि उजव्यात लेन्स बसवल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी लख्ख. भांड्यावरचं नाव वाचलं."

"कारण तुमच्या मेंदूनं त्या डोळ्यानं साठ वर्षं नीट बघितलेलं होतं. ईश्वरीच्या डाव्या डोळ्यानं एकदाही लख्ख बघितलेलं नाही. मेंदूनं त्याचा नाद सोडलाय. आज शिकवलं नाही, तर ती वीस वर्षांची झाल्यावर भारीतला चष्मा लावा नाहीतर ऑपरेशन करा, दिसेल धुकंच."

आजी बराच वेळ डोळा झाकून ईश्वरीकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "असं आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिने तिच्या परीने सांगितलं होतंच. मांजराचं.

(सात-आठ वर्षांनंतर सगळं संपतं असं मात्र नाही. बारा-तेरा वर्षांची मुलंही उपचाराने काही अंशी सुधारतात. उशिरा आलेल्या आईबापांना मी परत पाठवत नाही. कष्ट जास्त आणि फळ कमी, एवढं आधी सांगते.)

पुढचे दोन महिने चष्मा दिवसभर राहिला. केवळ त्याने डावा डोळा ६/२४ वर आला. मग डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली. "दोनच तास?" आजींना आता कमी वाटायला लागलं होतं. अशा मध्यम कमजोरीत दोन तास आणि सहा तास पट्टी लावलेल्या मुलांत सारखीच सुधारणा झाली, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००३ मध्ये दिसलं. जास्त लावली की चांगलं असं नाही. चांगल्या डोळ्यावर फाजील झाकण पडलं तर त्याचीही नजर उतरू शकते, म्हणून तास डॉक्टरच ठरवतात.

पहिला आठवडा वाईट गेला. एप्रिलचा उन्हाळा, घामाने पट्टी सुटायची, आणि आई ती सकाळी शाळेत जाताना लावायची. मुलं चिडवणारच. शिवाय चांगला डोळा झाकून पोरीला अनोळखी गर्दीत सोडणं मला क्रूरच वाटतं. वेळ बदलली: दुपारची झोप झाल्यावर, घरात, आजींजवळ. चष्म्याच्या काचेवर नाही, थेट कातडीवर, नाहीतर मुलं कडेने बघतात. आणि त्या दोन तासांत डोळ्याला काम हवं. आजींनी ते स्वतःच शोधलं: गहू निवडणं, टिकल्यांच्या पाकिटातल्या टिकल्या काढून वहीवर चिकटवणं, ठिपक्यांची रांगोळी. शेवटचा अर्धा तास कार्टून, तेही मोबाईलवर नको, टीव्हीवर. कार्टून मी सांगितलं यावर आईचा विश्वास बसेना.

दिवाळीपर्यंत डावा डोळा ६/९ ला आला. पट्टी एकदम बंद न करता कमी करत नेतोय, कारण काही मुलांत नजर पुन्हा घसरते. चष्मा राहणार आहे. प्लस नंबर वयाबरोबर उतरतो, पण पाचाचा शून्य होईल असं मी कुणालाच सांगत नाही. नाकाच्या शेंड्यावर घसरलेल्या चष्म्यावरून बघणारी ही मुलगी आता मला "तुझी पिनांची डबी कुठाय?" असं विचारते.

मागच्या खेपेला आईच्या कडेवर धाकटा होता, दीड वर्षाचा. "याचेही डोळे दाखवून ठेवू का? फोटोत तर छान दिसतात." फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा बाळ चार महिन्यांचं झाल्यावरही डोळा तिरळा जातोय असं वाटलं, तर त्याच आठवड्यात यायचं असतं. त्याच्यात तसं काही नव्हतं. तरी बहिणीला असेल तर भावाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तारीख दिली. तीन दिवस मलम घालायचंय. घातल्यावर हात धुवायचे, गाल लाल होऊन ताप आला तर थांबवून फोन करायचा. धरणार आजी, घालणार बाबा.